पाच लडींची पट्टी

दर दुसऱ्या सोमवारी, सूर्य कुंपणाच्या हातभर वर आला की मामा शेळ्यांचे डोळे बघायला बसत. बसायला एक पालथे घमेले, डाव्या हाताला गोठ्याचा लाकडी खांब, आणि त्या खांबावर खिळ्याला टांगलेली त्यांची पट्टी. वीतभर लांबीची फळी आणि तिच्यावर ओळीने घट्ट गुंडाळलेल्या पाच सुती लडी. पहिली डाळिंबी, दुसरी लालसर गुलाबी, तिसरी गुलाबी, चौथी फिकट अबोली आणि पाचवी पांढुरकी.

भाची एकेका शेळीला आपल्या गुडघ्यांत धरी. मामा एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबत, दुसऱ्याने खालची ओढत, आणि आतला ओलसर पडदा क्षणभर उमलला की नजर तेथून पट्टीवर आणि पट्टीवरून परत तेथे नेत. मग गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा एकच शब्द उच्चारत. "एक." "दोन." "एक." भाची वहीत आकडा मांडी.

रक्त पिणारे जंत शेळीच्या पोटात वाढू लागले की बाकीचे शरीर बरेच दिवस काही बोलत नाही. खाणेपिणे चालू असते, शिंगे मारणे चालू असते. बोलतो तो फक्त हा पडदा, आणि तोही कुजबुजल्यासारखा, एकेक छटा उतरत. पहिल्या दोन आकड्यांना निश्चिंत राहायचे, तीनला सावध व्हायचे, चार आणि पाचला मागेपुढे न बघता औषध पाजायचे, असा घरचा नियम होता. एकतीस शेळ्या आणि त्यांच्या दुधावर चालणारे ते घर या नियमाच्या भरवशावर रात्री झोपत असे. भाचीचा नवरा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा, त्यामुळे झोपणारे बहुधा दोघेच.

मामा मूळचे रंगारी. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या सुताला रंग दिला. कारखान्याच्या कढया थंडावल्या तेव्हा मूलबाळ नसलेल्या या माणसाला बहिणीच्या मुलीने आपल्या घरी आणले. पहिले काही महिने मामा दाराशी बसून आपल्या नखांतला निळा रंग कमी होत जाताना पाहत राहिले. तो पूर्ण गेला त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग एकदा गुरांच्या डॉक्टरीणबाई डोळे तपासण्याचे छापील कार्ड घेऊन आल्या. मामांनी ते उजेडात धरले, नाकाजवळ नेले, लांब केले आणि परत केले.

"हा लाल नव्हे, बाई. ही लाल रंगाची अफवा आहे."

चार दिवसांनी त्यांनी स्वतः रंगवलेल्या पाच लडी पट्टीवर गुंडाळल्या. तो नेमका ओला डाळिंबी साधण्यासाठी त्यांनी नेहमीचा पक्का रंग बाजूला ठेवून एक नाजूक, हलका रंग वापरला होता. डॉक्टरीणबाईंनी कार्ड शेजारी धरून पाहिले. लडीला लड, रंगाला रंग.

"मामा, तुमची पट्टी आमच्यापेक्षा चोख. वापरा खुशाल. मी माझं कार्ड कपाटात ठेवते, उन्हात राहिलं की उडतं."

"छापील रंग," मामा मोठ्या मनाने म्हणाले, "उडणारच."

त्या दिवसापासून वाकलेल्या पाठीचा तो माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला. काम अंगणाच्या पलीकडेच होते, पण मामा त्यासाठी केस विंचरून जात.

या गोष्टीला दीड वर्ष झाले होते.

त्या सोमवारी शेवटची शेळी आली ती मास्तरीण. पांढरी, काळ्या दाढीची, कळपाच्या पुढे ताठ मानेने चालणारी आणि मागे राहिलेल्याला ढुशी देणारी. मामांनी पापणी उघडली आणि त्यांच्या मनात आपोआप शब्द आला, फिके. मग त्यांनी पट्टीकडे पाहिले. पडदा आणि दुसरी लड यांत केसाचाही फरक नव्हता. पुन्हा पडदा, पुन्हा लड.

मामांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. रंगाची आठवण खोटे बोलते, नमुना बोलत नाही. आठवणीवर विसंबून लड काढणाऱ्या रंगाऱ्याच्या हाती दोन ताग्यांचे दोन रंग येतात आणि तिसरे गिऱ्हाईक येत नाही. मामांनी आयुष्यभर हे व्रतासारखे पाळले. आणि हल्ली स्वतःच्या नजरेवर अविश्वास ठेवायला त्यांच्याकडे आणखी एक कारण होते, जे त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, अस्तराखाली, चार घड्या घालून ठेवले होते.

"दोन," ते म्हणाले.

"नक्की?"

"का गं?"

"काल घरी येताना सगळ्यांच्या मागे होती."

"मास्तरीण आहे ती. पोरं मोजत आली असेल."

भाची हसली, पण वहीवर टेकण्याआधी तिची पेन्सिल क्षणभर हवेतच थांबली. मामांनी ते पाहिले. तेवढे त्यांना चांगले दिसत होते.

गुरुवारी संध्याकाळी तिने गोठ्यातूनच हाक मारली. "मामा, इकडे ये. हात लाव बघू इथे."

मास्तरिणीच्या जबड्याखाली काहीतरी लोंबत होते. मऊ, गार, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे. मामांनी बोट दाबले, तेथे खळगा पडला आणि सावकाश भरत आला.

"सकाळी नव्हतं हे," मामा म्हणाले.

"सकाळी ओसरतं. दिवसभर मान खाली घालून चरली की पाणी उतरतं. रक्त कमी झालं की असं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं मागे." भाचीने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. केसांखाली मणके एकेक मोजता येत होते. "आणि ही बघ पाठ. केसांमुळे कळलीच नाही."

'तू तर दोन म्हणालास,' असे ती म्हणाली असती तर मामांना बरे वाटले असते. ती म्हणाली नाही. तिने फक्त पाण्याची बादली शेळीच्या जवळ सरकवली आणि बराच वेळ तेथे उकिडवी बसून राहिली. 

सहा महिन्यांपूर्वी केस कापून येतो असे सांगून ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. दूरच्या दिव्याभोवती वलय दिसू लागले होते म्हणून. तेथल्या तरुण डॉक्टरने सांगितले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाबरायचे कारण नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. मामा घाबरले नाहीत. त्यांनी फक्त कागद दडवला. ज्याला दिसत नाही असे एकदा ठरले, त्याला उन्हात मानाची खुर्ची मिळते, वेळेवर ताट मिळते, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. त्या खुर्चीची त्यांना मरणापेक्षा जास्त धास्ती होती. आता त्यांना कळत होते की त्यांनी स्वतःची खुर्ची टाळण्यासाठी एकतीस मुक्या जिवांना गहाण ठेवले होते.

सकाळी भाची छोट्या डब्यांत ताज्या लेंड्या गोळा करताना दिसली. झाकणांवर चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर शेळ्यांची नावे. बारा डबे.

"तपासायला नेतेय," ती वर न बघता म्हणाली. "तू झोपला होतास म्हणून उठवलं नाही."

मामा पहाटेपासून जागे होते आणि हे तिला ठाऊक होते. दोघांनीही ते खोटे हळुवारपणे तसेच राहू दिले.

"मीही येतो," मामा म्हणाले. पेटी उघडून त्यांनी अस्तराखालचा कागद काढला आणि खिशात ठेवला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक मायक्रोस्कोप आणि भिंतीशी लाकडी बाक होता. डॉक्टरीणबाई लेंड्या मिठाच्या पाण्यात कुस्करत, गाळून घेत, आखलेल्या काचेत थेंब सोडत आणि एक डोळा मिटून मोजत. डाव्या हातात मोजणीचे यंत्र होते. जंताचे एक अंडे दिसले की अंगठा दाबला जाई आणि टक् असा आवाज होई. मामा बाकावर बसून ते ऐकत होते. पहिल्या काचेला सहा टक्. दुसरीला दहा. मग मास्तरिणीची काच आली आणि टकटक सुरू झाली ती थांबेना. पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तशी ती खोलीभर पसरली. मामांनी साठापर्यंत मोजले आणि पुढे मोजणे त्यांना सोसले नाही.

"हिच्यात फार आहेत," डॉक्टरीणबाई डोके वर काढून म्हणाल्या. "आणखी चौघींची मोजणीही वाईट आहे. पण वेळ गेलेली नाही. डोळ्यांत काय दिसलं होतं?"

भाचीने वही पुढे सरकवली. दोन, एक, दोन, दोन, एक. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हे जुळत नाही."

"जुळणार नाही," मामा उठून म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "हिची चूक नाही. हा कागद वाचा."

तो कागद आधी भाचीने घेतला. तिने तो दोनदा वाचला.

"सहा महिने झाले याला?"

"सहा."

"तू मला केस कापायला गेलो होतो म्हणालास!"

"केसही कापले होते."

"मामा!"

"खोटं नको बोलायला म्हणून कापले."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात लपवले. मग कागद वाचून त्या म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही, पण यात 'सुरुवात' लिहिलंय, 'अखेर' नव्हे. इतक्याशा पडद्याने माणूस चार नंबरला दोन म्हणेल, हे मला पटत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला, गोठ्यात जाऊन बघू."

त्यांनी कपाटातून आपले कार्ड काढले. गाडीत मामा मागे बसले. वाटेत भाची एकदा मागे वळून त्यांच्या गळ्याशी सुटलेली गुंडी लावून पुन्हा पुढे बघू लागली. रागावलेल्या माणसाने केलेली माया फार जड असते. मामांना ती गुंडी घरापर्यंत जाणवत राहिली.

गोठ्याशी आल्यावर मामांचा हात सवयीने खांबाकडे गेला.

"पट्टी राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसतं बघून सांगा."

"कशाच्या आधाराने?"

"तुमच्या."

मामांनी आयुष्यात असा रंग सांगितला नव्हता. नमुन्याविना रंग सांगणे म्हणजे कठड्याविना जिना उतरणे. त्यांनी मास्तरिणीची पापणी दाबली, खाली ओढली, आणि मनात येऊ पाहणाऱ्या शब्दाला या वेळी दार उघडले.

"तीन धुण्यांनंतरचा अबोली. चार."

डॉक्टरीणबाईंनी पडद्याशेजारी कार्ड धरले. "चार. पुढची."

"डाळिंबी, पण कडेला उतरलाय. दोन म्हणा."

"दोन."

"गुलाबी. निव्वळ गुलाबी. तीन."

"तीन."

भाची शेळ्या आणत राहिली. दहावीला मतभेद झाला. मामा चार म्हणाले, डॉक्टरीणबाई तीन. "दुसरा डोळा बघा," मामा म्हणाले. आणि दुसरा डोळा पाहून बाईंनी मुकाट्याने आपला आकडा खोडला.

"मामा," त्या उभ्या राहत म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? मग चुकतंय तरी काय?"

तिघांनीही एकाच वेळी खांबाकडे पाहिले.

पट्टीवर सकाळचे ऊन पडले होते. रोज पडायचे तसेच, दीड वर्ष पडत आले होते तसेच. डॉक्टरीणबाईंनी कार्ड तिच्या शेजारी धरले. मामांची पहिली लड कार्डावरच्या तिसऱ्या रंगाशी जाऊन उभी राहिली होती. दुसरी चौथ्याशी. उरलेल्या तीन एकमेकींत मिसळून पांढुरक्या झाल्या होत्या. घरातले मूल रोज पाहणाऱ्याला वाढताना दिसत नाही. तसा तो डाळिंबी मामांच्या डोळ्यांदेखत, एकेका सकाळीने, निघून गेला होता.

मामांनी पट्टी खिळ्यावरून काढली. पहिल्या लडीची गाठ त्यांनी नखाने सोडवली आणि सुताचे दोन फेरे उलगडले. वरच्या फेऱ्याखाली, जेथे ऊन कधी पोहोचले नव्हते, तेथे तो पहिल्या दिवसाचा लाल होता. ओला, गर्द, नुकताच कढईतून काढल्यासारखा.

"चाळीस वर्षं," मामा हळू म्हणाले. "कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर मी माझ्या हाताने चिठ्ठी लावली. 'सावलीत वाळवा.' प्रत्येक गठ्ठ्यावर."

भाचीने तोंडाला ओढणी लावली. तिचे खांदे हलू लागले तेव्हा मामांना वाटले ती रडते आहे. मग तिच्या तोंडून फुटले ते हसू होते, चार दिवस कोंडलेले, आणि ते ऐकून मामाही हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्यांनी ते पुसले नाही.

"छापील रंग," डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "उडणारच."

"म्हाताऱ्याला मारा आता जोडे," मामा म्हणाले. पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्या सोमवारी त्यांच्या नजरेने खरे तेच सांगितले होते. तिच्यावर विश्वास ठेवायला घरात कोणी नव्हते, तिचा धनीसुद्धा नाही, एवढेच.

एकतीसच्या एकतीस शेळ्यांचे डोळे पुन्हा पाहिले गेले. औषध सात जणींना लागले, वजन करून, मोजून. सगळ्यांनाच पाजून मोकळे व्हावे असे भाचीला वाटत होते, पण बाईंनी हात आडवा केला. "सरसकट पाजलं की जंतच शहाणे होतात, मग औषध त्यांना भीक घालत नाही. ज्यांना गरज आहे त्यांनाच." मास्तरिणीला सावलीत वेगळे ठेवायचे ठरले, चांगला चारा, वर मूठभर पेंड.

"आणि मामा, डोळा तुमचा पक्का, पण शेळीला पाठ असते, जबडा असतो, शेपूटही असतं. दर वेळी पाठीवरून हात फिरवायचा. जबड्याखाली संध्याकाळी बघायचं. शेपटीखाली घाण चिकटली आहे का तेही."

"शेपटीखालचं हिला सांगा," मामांनी भाचीकडे बोट केले. "मी रंगारी आहे."

"आता सगळं मिळून बघायचं," भाची म्हणाली. "तू डोळा सांग, मी पाठ सांगते. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर भांडू."

पुढचे दोन आठवडे मामा रोज दोनदा मास्तरिणीच्या जबड्याखाली हात घालत. पिशवी आधी सैल झाली, मग सुरकुतली, आणि एका संध्याकाळी त्यांच्या बोटांना नुसते हाड लागले. त्या आनंदात ते घमेल्यावर बसल्याबसल्या चारा घ्यायला वळले असताना मास्तरिणीने मागून अशी ढुशी दिली की मामा घमेल्यावरून थेट चाऱ्यात. भाची धावत आली.

"लागलं का?"

"लागलं तर! रक्त भरलंय हिच्यात!" मामा चाऱ्यातूनच ओरडले.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मामा पुन्हा त्याच बाकावर बसले. मास्तरिणीच्या काचेला टक् झाले, जरा वेळाने आणखी दोन झाले, मग डॉक्टरीणबाई काच इकडेतिकडे सरकवत राहिल्या आणि खोलीत शांतता पसरली. इतकी गोड शांतता मामांनी फार वर्षांत ऐकली नव्हती.

नवी पट्टी त्यांनी त्याच आठवड्यात केली. या वेळी लडी तीन वेळा धुतल्या, बाईंच्या कार्डाशी लावून पाहिल्या, आणि पट्टी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवली. झाकणावर तारीख घातली, खाली लिहिले, 'वर्षाने बदलणे', आणि त्याखाली, जरा थांबून, जुन्या सवयीच्या अक्षरात, 'सावलीत ठेवणे'. जुनी पट्टी भाची फेकायला निघाली तेव्हा त्यांनी ती मागून घेतली. उलगडलेला तो एक लाल फेरा पुन्हा गुंडाळून, गाठ मारून, त्यांनी ती पेटीत ठेवली. जेथे आधी कागद होता तेथेच.

कागद आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर, घड्याळाखाली, सगळ्यांना दिसेल असा लावलेला होता. पुढच्या बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे होते, आणि भाची सोबत जाणार होती. "केस कापायचे असतील तर तेही तिथेच कापून घेऊ," असे तिने बजावले होते.

सोमवार आला. ऊन कुंपणाच्या वर आले. मामा घमेल्यावर बसले, डबा उघडला, पट्टी मांडीवर घेतली. तीस शेळ्या झाल्या, आकडे जुळले, एकदाच भांडण झाले. शेवटी मास्तरीण आली. मामांनी आधी नुसते पाहिले, मनातला शब्द मोठ्याने म्हटला, "दोन," आणि मगच पट्टीकडे वळले. दोनच होते.

"संपल्या," भाची वही मिटत म्हणाली. मग काय वाटले कोणास ठाऊक, तिने मामांची हनुवटी धरली, चेहरा उन्हाकडे वळवला आणि अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली.

"ए, काय करतेस!"

"हलू नकोस. शेळ्या तुझ्यापेक्षा शहाण्या." तिने पट्टी त्यांच्या गालाशी धरली. तिचा श्वास त्यांच्या कपाळाला लागत होता. "तीन."

"अगं, तीन कसा? नीट बघ. दोन तरी असेल!"

"तीन म्हणजे तीन. सावध व्हायचं." तिने वही पुन्हा उघडली आणि मास्तरिणीच्या नावाखाली एक ओळ वाढवली. "आजपासून दोन्ही वेळा पोटभर जेवायचं. दोन आठवड्यांनी परत बघणार."

मामांनी ती ओळ वाकून वाचली. शेळ्यांच्या यादीत, बत्तिसाव्या जागी, तिने 'मामा' असे लिहिले होते. पट्टी काळ्या फडक्यात गुंडाळून त्यांनी डब्याचे झाकण लावले, आणि दोन्ही अंगठ्यांनी ते सगळ्या बाजूंनी नीट दाबून बसवले.